खुब्याचं दुखणं आणि हातातला फोन : पर्थेस झालेल्या मुलांना अ‍ॅप नेमकी कुठे मदत करतं

पर्थेस हा लहान मुलांच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटण्याचा आजार. तो पूर्ण मार्गी लागायला साधारण दोन ते चार वर्षं जातात. दर तीन-चार महिन्यांनी एक्स-रे धरला, तरी एवढ्या काळात मूल हाडाच्या डॉक्टरांसमोर दहा-बारा वेळाच जातं, आणि दर खेपेला पंधरा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. उरलेले हजारभर दिवस ते घरी असतं, शाळेत असतं, मैदानाच्या कडेला बसून इतरांचा खेळ बघत असतं. दुखलं की व्यायाम सुटतो, व्यायाम सुटला की खुबा आखडतो, आणि आखडलाय हे पुढच्या भेटीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. हे सगळं त्या हजार दिवसांत घडतं. फोनमधल्या अ‍ॅपला काही काम असेल तर ते तिथे आहे. अ‍ॅप हाड बरं करत नाही. ते दोन भेटींमधली लांबलचक पोकळी भरतं.

आधी आजार समजून घेऊ. खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. मांडीच्या हाडाचं वरचं टोक हा गोळा आणि कमरेच्या हाडातली खोलगट जागा ही वाटी. लहान मुलांमध्ये या गोळ्याला रक्त पोहोचवणाऱ्या वाटा मोजक्या आणि नाजूक असतात. पर्थेसमध्ये हा पुरवठा तुटतो आणि गोळ्याच्या आतलं हाड निर्जीव होतं. का तुटतो, याचं नेमकं कारण वैद्यकशास्त्राला अजून सापडलेलं नाही. त्यामुळे ‘मी त्याला खेळायला पाठवायला नको होतं’ असं स्वतःला लावून घेणाऱ्या आईबाबांनी ते ओझं उतरवून ठेवावं. १९१० च्या सुमारास अमेरिकेत लेग, फ्रान्समध्ये काल्व्हे आणि जर्मनीत पर्थेस यांनी हा आजार वेगवेगळा नोंदवला. स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉम यांनी त्याचे टप्पे लावून दिले.

टप्पे चार. पहिल्यात हाड निर्जीव होतं आणि एक्स-रेमध्ये गोळा जरा लहान, जास्त पांढरा दिसतो. दुसऱ्यात शरीर ते मेलेलं हाड उचलून न्यायला लागतं. गोळा तुकड्या-तुकड्यांचा दिसतो आणि सगळ्यात मऊ असतो. हा काळ बहुधा वर्षभराचा. तिसऱ्यात नवं हाड भरतं. चौथ्यात भरलेलं हाड वाढीबरोबर घडत जातं. ‘हाड मेलंय’ हे शब्द मुलासमोर नुसते टाकले तर ते रात्री झोपत नाही. ‘जुनं हाड काढून शरीर नवं बसवतंय, आणि बसेपर्यंत ते ओलं आहे’ एवढं सांगितलं तर सहा वर्षांचं मूलही समजून घेतं, आणि हे सांगणं खोटंही नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. मोदकाच्या साच्यात उकड नीट बसली की मोदक गोल निघतो. थोडी उकड बाहेर राहिली की तो तेवढ्या बाजूला बिघडतो. खुब्याची वाटी हा इथला साचा. गोळा मऊ असताना तो वाटीच्या आत राहिला, तर नवं हाड वाटीचा आकार घेतं. गोळा कडेने बाहेर सरकला की तेवढा भाग दबतो. आत राहण्यासाठी पाय बाजूला फाकता यायला हवा आणि आतल्या बाजूला वळता यायला हवा. पर्थेसमध्ये नेमक्या याच दोन हालचाली आधी जातात. म्हणून डॉक्टर कधी शस्त्रक्रिया करून हाडाची दिशा बदलतात, कधी प्लास्टर घालतात, आणि पुष्कळ मुलांमध्ये व्यायाम, उड्यांना मनाई व लक्ष ठेवणं एवढंच करतात. सहा वर्षांच्या आत सुरू झालेला आजार बहुधा चांगला भरतो, कारण आकार सुधारायला वाढीची वर्षं हातात असतात. आठच्या पुढे सुरू झाला तर काम कठीण.

हा दुर्मीळ आजार आहे. ब्रिटनमध्ये देशभरातल्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात पंधरा वर्षांपर्यंतच्या लाख मुलांमागे वर्षाला साधारण अडीच असं प्रमाण निघालं. मुलग्यांमध्ये तो मुलींच्या चार-पाचपट. आपल्याकडे मणिपालच्या डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी यावर आयुष्यभर काम केलं आणि कर्नाटकच्या किनारपट्टीवर तो जास्त आढळतो व तिथल्या मुलांमध्ये थोड्या मोठ्या वयात सुरू होतो, हे दाखवून दिलं. मोठं वय म्हणजे भरून यायला कमी वेळ, हे वर आलंच आहे.

दुर्मीळ असल्यामुळे एक गंमत नसलेली गोष्ट होते. सल्ले जुळत नाहीत. एक डॉक्टर म्हणतात सायकल चालव, दुसरे म्हणतात खाली उतर, तिसरे कुबड्या देतात. ब्रिटनमध्येही हेच होतं. तिथे लीड्समधल्या फिजिओथेरपिस्टांनी आणि संशोधकांनी आधी देशातल्या जाणकारांचं बिगरशस्त्रक्रिया उपचारांबद्दल एकमत घडवलं, आणि मुलांना व पालकांना सोबत घेऊन ‘नॉन-स्टॉप’ नावाचं अ‍ॅप तयार केलं. नीट आखलेले बिगरशस्त्रक्रिया उपचार आणि शस्त्रक्रिया यांची तुलना करण्यासाठी ‘ऑप नॉन-स्टॉप’ ही मोठी चाचणीही तिथे हाती घेतली गेली. अ‍ॅपची गरज त्यातून कळते. घरचा व्यायाम प्रत्येकाने आपल्या मनाने केला, तर शस्त्रक्रियेशी तुलना करणार कशाची? अ‍ॅपमुळे सगळ्या मुलांपर्यंत तोच सल्ला त्याच शब्दांत जातो.

असं अ‍ॅप हातात आलं, किंवा मुलासाठी काही निवडायची वेळ आली, तर त्यात किती गोष्टी आहेत यापेक्षा ते काय नोंदवायला लावतं हे बघा. आमच्या मते रोजच्या नोंदीसाठी तीन गोष्टी पुरेत : दुखणं, व्यायाम झाला की नाही, आणि दुखण्याचं औषध घेतलं का. आठवड्यातून एकदा खुब्याची हालचाल मोजायची. बस. याहून जास्त विचारणारं अ‍ॅप तिसऱ्या आठवड्यात उघडलं जात नाही.

दुखणं मोजताना वय बघावं लागतं. आठ-नऊ वर्षांच्या पुढचं मूल शून्य ते दहा आकडा बऱ्यापैकी सांगतं. त्याहून लहान मुलाला चेहऱ्यांची पट्टी लागते. सहा चेहरे, ०, २, ४, ६, ८, १०. पाचाच्या आतलं मूल बहुतेक वेळा पहिला तरी दाखवतं नाहीतर शेवटचा, तेव्हा त्याच्या बाबतीत चेहऱ्यापेक्षा ते लंगडतंय का, जिन्यावर थांबतंय का, हे मोठ्यांनी लिहावं. नोंद रोजची रोज. ‘गेला आठवडा कसा गेला?’ या प्रश्नाला मूल आजच्या दुखण्याचं उत्तर देतं. औषधाची नोंद का, तर गोळी घेऊन आलेला २ आणि गोळी न घेता आलेला २ हे वेगळे आहेत. ती नोंद नसेल तर आलेख बघून डॉक्टर फसतात.

आकड्याशेजारी एक शब्द लिहायची जागा असेल तर सोन्याहून पिवळं. इंग्रजीतल्या ‘पेन’ (दुखणं) या एका शब्दात जे मावत नाही ते आपल्या मुलांना मराठीत सहज सांगता येतं. मांडीच्या आत ओढ लागते, हे ताणाच्या व्यायामात चालतं. जांघेत चमक आली की तिथेच थांबायचं. रात्री ठणकतं, हे फिजिओला त्याच आठवड्यात कळवायचं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरातल्या मुलानेही इंग्रजी अ‍ॅपच्या टिपणात हे शब्द देवनागरीत लिहावेत आणि भेटीच्या वेळी आईबाबांनी उलगडून सांगावेत. दुखण्याची जागाही लिहा, आणि गुडघा म्हटलं म्हणून गुडघाच समजू नका. खुबा आणि गुडघा यांची संवेदना वाहणाऱ्या नसा काही प्रमाणात एकच आहेत, म्हणून खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. याच कारणाने अनेक मुलांच्या गुडघ्याचेच एक्स-रे काढले जातात आणि निदान लांबतं.

हालचाल मोजणं हा सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात चुकणारा भाग. फोनमध्ये तिरपेपणा ओळखणारा भाग असतो, त्यावर पाणसळीसारखं काम करणारी मोफत अ‍ॅप मिळतात. खुबा आत किती वळतो हे त्याने छान मोजता येतं. मुलाला चटईवर पालथं झोपवा. दोन्ही गुडघे जोडून काटकोनात वाकवा, म्हणजे नडग्या छताकडे उभ्या राहतील. फोनची लांब कड नडगीला लावा आणि आकडा शून्य करा. आता पाऊल बाहेरच्या अंगाला आपोआप पडू द्या. नडगी बाहेर गेली की खुबा आत वळतो. ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. जिथे थांबेल तो आकडा. ढकलायचं नाही. दुसऱ्या बाजूचा कुल्ला उचलला गेला तर कंबर फिरली, आकडा खोटा. एक हात कमरेवर ठेवून पुन्हा घ्या. मग दुसरा पाय. त्याच पायाच्या मागच्या आठवड्यातल्या आकड्यापेक्षा दोन पायांमधला फरक जास्त बोलतो.

पाय बाजूला किती फाकतो हे मात्र याच फोनने मोजता येत नाही, आणि इथे भलेभले चुकतात. फोनचा तिरपेपणा कळतो तो गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून. पाठीवर झोपून पाय जमिनीलगत बाजूला नेला तर फोन आडवाच राहतो, त्याला काही बदललं असं कळतच नाही. होकायंत्राने दिशा कळते, पण लोखंडी पलंगाजवळ ते भरकटतं. तेव्हा त्याऐवजी साधी पट्टी घ्या. मूल पाठीवर, तळवे एकमेकांना चिकटवलेले, गुडघे फुलपाखरासारखे दोन्ही बाजूंना सोडलेले. जमिनीपासून गुडघ्याच्या बाहेरच्या हाडापर्यंतची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, दोन्ही बाजूंची. गादीवर नको, गादी दबते. टाचा दर वेळी कुल्ल्यांपासून तितक्याच अंतरावर हव्यात, म्हणून चटईवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा. यात फाकणं आणि बाहेर वळणं दोन्ही मिसळलेलं असतं, तेव्हा शुद्ध फाकण्याचा आकडा फिजिओच घेतील. घरच्या मापाचा उपयोग एवढाच, की दुखऱ्या बाजूचा गुडघा आठवड्यागणिक वर राहायला लागला तर ते लवकर कळावं.

घरी घेतलेल्या मापात पाच अंशांचा फरक सहज पडतो. एका आठवड्यात आकडा थोडा हलला म्हणून घाबरू नका. सलग दोन आठवडे दहा अंशांहून जास्त उतार दिसला तर पुढच्या भेटीची वाट न बघता फोन करा. वेळही तीच ठेवा. शाळेतून दमून आल्यावरचं माप आणि रविवारी सकाळचं माप जुळणार नाही.

व्यायामांचं बघू. फिजिओ देतील तेच करायचे, आकडेही त्यांचेच. पण त्यात बहुधा काय असतं ते सांगतो, म्हणजे अ‍ॅपमधली चित्रं ओळखीची वाटतील. पालथं पडून राहणं, दहा-पंधरा मिनिटं, अभ्यासाचं पुस्तक समोर ठेवून. याने खुब्याच्या पुढचे स्नायू आखडत नाहीत. फुलपाखरू, तीस सेकंद, तीनदा. पाठीवर झोपून टाचेखाली कापडाचा तुकडा ठेवून फरशीवर पाय बाजूला सरकवणं, दहा वेळा. बोटं छताकडे हवीत, पाऊल बाहेर वळलं तर मूल दुसऱ्याच स्नायूने काम उरकतंय. गुडघे वाकवून कंबर उचलणं, दहा वेळा. कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडणं. आणि शक्य असेल तिथे पोहणं, कारण पाण्यात वजन कमी आणि हालचाल भरपूर. तुकड्यांच्या टप्प्यात पळणं, उड्या, ट्रॅम्पोलिन, कबड्डी-खोखो यांना बहुतेक डॉक्टर विराम देतात.

किती करायचं याचा एक साधा धरबंध फिजिओशी बोलून अ‍ॅपमध्ये टाकता येतो. दुखणं ० ते २ : पूर्ण व्यायाम. ४ : निम्मा. ६ किंवा वर : आज फक्त पालथं पडणं, दोन-तीन दिवस तसंच राहिलं तर कळवणं. व्यायामाने वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलेलं नसेल तर कालचा डोस जास्त झाला. आणि पाय फाकवताना एका जागी दगड लागल्यासारखा अटकत असेल, तर जोर लावून ताणू नका. चपटा झालेला गोळा वाटीच्या कडेला अडकून दाराच्या बिजागरीसारखा हलायला लागलेला असू शकतो, आणि अशा वेळी ताण दिल्याने नुकसान होतं. हे पालकांना कुणी सांगितलेलं नसतं. ‘करून घ्या, रडला तरी करून घ्या’ एवढंच कानावर पडलेलं असतं.

आता काय बिघडतं ते. पहिला धोका साध्या फिटनेस अ‍ॅपचा. दिवसाला दहा हजार पावलं, आणखी थोडं चाल, कालचा विक्रम मोड. निरोगी माणसासाठी ठीक आहे, पण मऊ गोळ्याच्या मुलाला हे उलटं ढकलतं. पावलांना बक्षीस देणारं काहीही त्याच्या फोनवर नको. शिवाय ते मोजमापही कच्चं निघतं : फोन दप्तरात, शाळेत तर बंदच, आणि पावलं ओळखण्याचं गणित धडधाकट चालीवर बेतलेलं असल्याने लंगडी चाल, कुबड्या, व्हीलचेअर त्याला नीट कळत नाही.

दुसरा धोका सलग दिवसांच्या माळेचा. ४० दिवस न चुकता व्यायाम, मग ताप येतो, माळ तुटते, आकडा शून्यावर येतो आणि मूल अ‍ॅपच सोडून देतं. पर्थेसमध्ये वाईट आठवडे येणारच आहेत. आठवड्यातले पाच दिवस झाले की पूर्ण, अशी मोजणी हवी, आणि दुखण्यामुळे घेतलेली विश्रांती हीसुद्धा योग्य कृती म्हणून तिथे नोंदली जायला हवी.

तिसरा धोका घरातला. अ‍ॅप आल्यावर बाबा निरीक्षक होतात. ‘केलंस का? दाखव.’ मग मूल न करताच खूण करतं, किंवा दुखत असूनही शून्य लिहितं, कारण ६ लिहिला की संध्याकाळचा कार्यक्रम रद्द होतो हे त्याला कळलेलं असतं. नोंद खोटी झाली की सगळंच वाया. म्हणून सात वर्षांच्या आत फोन मोठ्यांनी धरावा आणि उत्तर मुलाने द्यावं. सात ते दहा दोघांनी मिळून. अकरानंतर नोंद मुलाची, मोठ्यांनी आठवड्यातून एकदा सोबत बसून बघायची. आठवण करून देणारी घंटा दिवसाला एकच, आणि तिची वेळ मुलाने ठरवलेली. खरं लिहिल्याबद्दल शिक्षा होत नाही हे मुलाला दोन-तीनदा अनुभवू द्या. याहून मोठं तंत्र यात नाही.

माहितीच्या गोपनीयतेचंही बघा. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. ब्रिटनमध्ये मुलांसाठीची स्वतंत्र संहिता सप्टेंबर २०२१ पासून पूर्णपणे लागू आहे. तरी कायद्यावर सोडून देऊ नका. व्यायामाच्या अ‍ॅपला संपर्कांची यादी आणि ठावठिकाणा कशाला हवा? मागत असेल तर नकार द्या. एक्स-रेचा फोटो टाकायचाच असेल तर त्यावरचं नाव आणि रुग्णालयाचा क्रमांक कापून टाका.

अ‍ॅप सुरू करण्याआधी निदान पक्कं असायला हवं, आणि महाराष्ट्रात इथे दोन गोष्टी आवर्जून तपासाव्यात. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या पट्ट्यांत सिकलसेल आहे, आणि सिकलसेलमध्येही खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. एक्स-रे पर्थेससारखाच दिसू शकतो, उपचार मात्र वेगळे. दुसरी गोष्ट खुब्याचा क्षयरोग : लंगडणं, रात्री दचकून रडणं, बारीक ताप, वजन उतरणं. दोन्ही खुबे एकाच वेळी एकाच टप्प्यात दिसले तर डॉक्टर थायरॉइड आणि हाडांच्या वाढीचे जन्मजात विकारही पाहतात.

आणि काही वेळा अ‍ॅप बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं असतं. ताप आहे आणि पाय टेकवतच नाही : सांध्यात पू झालेला असू शकतो, त्याच दिवशी जायचं. दहाच्या पुढचं मूल अचानक लंगडतंय आणि पाऊल बाहेर वळलेलं आहे : वाढीच्या रेषेवरून गोळा घसरलेला असू शकतो, त्याला चालवतसुद्धा न्यायचं नाही. चांगल्या अ‍ॅपमध्ये हे पहिल्याच पडद्यावर असतं. तीन-तीनदा बोट दाबून शोधावं लागत असेल तर ते अ‍ॅप नको.

मराठीतलं तयार अ‍ॅप नाही म्हणून अडून राहू नका. फिजिओंची परवानगी घेऊन पहिल्या भेटीत प्रत्येक व्यायामाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढा. त्यात मुलगा स्वतः करतोय आणि फिजिओंचा आवाज त्याची चूक सुधारतोय, असा. इंटरनेटवरच्या परक्या मुलाच्या व्हिडिओपेक्षा तो दसपट कामाचा. घंटेसाठी फोनचा गजर, मापासाठी पाणसळीचं अ‍ॅप आणि पट्टी, नोंदीसाठी शंभर पानी वही. प्रत्येक दिवसाला एक ओळ : चेहरा, शब्द, व्यायाम, गोळी. रविवारी दोन्ही पायांचे आकडे. भेटीच्या आदल्या रात्री शेवटच्या बारा रविवारांचे आकडे एका पानावर उतरवा आणि खाली मुलाला त्याचा स्वतःचा एक प्रश्न लिहू द्या. तो बहुधा ‘मी परत क्रिकेट कधी खेळू?’ असाच असतो. तपासणीच्या खोलीत तो त्यानेच वाचावा आणि डॉक्टरांनी उत्तर त्याच्याकडे बघून द्यावं, असा आग्रह धरा.